बिनखांबी ते पापाची तिकटी: महाद्वार रोडचं पायी परीक्षण

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर परीक्षणासाठी घेतलेला पट्टा असा: बिनखांबी गणेश मंदिरापासून निघायचं, अंबाबाईच्या महाद्वारासमोरून, गुजरीचा कॉर्नर ओलांडून पापाची तिकटीपर्यंत. वेळ संध्याकाळी ६ ते ८. वाहन नाही, पायी. हा रस्ता म्हणजे शहराने चालणाऱ्याला दिलेली सेवा आहे असं धरलं आहे, आणि ती सेवा कशी मिळते ते तपासलं आहे.

तपासायची मापं कुठली घ्यायची, यावर निकाल पालटतो. १९३३ मध्ये आधुनिक वास्तुकारांच्या परिषदेने अथेन्सची सनद मांडली. तिच्यात शहराची चार कामं ठरली: राहणं, काम करणं, विरंगुळा आणि वाहतूक. ही कामं एकमेकांपासून वेगळी करायची, दोन्ही बाजूंनी घरांनी बंदिस्त झालेला रस्ता मोडायचा आणि मोकळ्या हिरवळीत सुट्या इमारती उभ्या करायच्या, हा तो विचार. त्या मापाने महाद्वार रोड सपशेल नापास होतो. खाली दुकान, वर बिऱ्हाड, समोर देऊळ, मधून रिक्षा, आणि गणपतीत याच रस्त्याने विसर्जनाची मिरवणूक. चारही कामं एकाच पट्ट्यात चालतात.

१९६० नंतरच्या अभ्यासकांनी मात्र नेमक्या अशाच रस्त्यांकडे परत पाहिलं. जेन जेकब्स, केव्हिन लिंच, ख्रिस्तोफर अलेक्झांडर, आल्डो रॉसी, विल्यम व्हाइट, यान गेल, कॉलिन रो यांचे मार्ग वेगवेगळे, एकमेकांशी मतभेदही पुष्कळ. पण इमारत आधी आणि उरलेली जागा म्हणजे रस्ता, हा क्रम सगळ्यांनी उलटा केला. यातली कुठली मापं कोल्हापुरात हातात टेप घेऊन प्रत्यक्ष लावता येतात, आणि लावल्यावर काय दिसतं, ते पुढे.

सगळ्यात आधी दारं मोजा. यासारखी स्वस्त आणि खरं बोलणारी चाचणी दुसरी नाही. डेन्मार्कच्या यान गेल यांनी रस्त्याकडेच्या दर्शनी भागांची प्रतवारी केली, ती दर १०० मीटरला किती दारं उघडतात यावर. १५ ते २० दारं असतील तर रस्ता जिवंत, १० ते १४ असतील तर बरा, ६ ते १० असतील तर मध्यम. २ ते ५ वर आला की कंटाळवाणा, आणि २ च्या खाली गेला की मेलेला. मोजायची रीत सोपी आहे. दोन माणसं, ३० मीटरची टेप, खडू, कागद. रस्त्याच्या एकाच कडेला १०० मीटरवर खुणा करायच्या आणि त्या बाजूची फक्त रस्त्यावर उघडणारी दारं मोजायची. दुकानाचं शटर उघडं असेल तर एक दार. माडीवर जाणारा जिना रस्त्यावरून चढत असेल तर तेही एक दार, कारण त्यातून माणूस बाहेर येतो. बोळाचं तोंड दारात धरायचं नाही, त्याची नोंद वेगळी. काचेमागे माल मांडलाय पण आत जायची वाट दुसरीकडून आहे, तर शून्य. दोन्ही बाजूंची बेरीज करून एकच आकडा लिहिण्याची चूक सर्रास होते. ती टाळा, कारण एक कड जिवंत आणि समोरची मेलेली असू शकते, आणि बेरजेत ते दिसत नाही.

जुन्या बाजारातला गाळा १० फुटांचा धरला तर १०० मीटरला ३२-३३ गाळे बसतात. म्हणजे गेल यांच्या वरच्या प्रतीच्या दीडपटीहून जास्त. एवढी दारं जास्तच होतात का? नाही, आणि त्याचं कारण चालण्याच्या वेगात आहे. मोकळ्या रस्त्यावर माणूस मिनिटाला ८० मीटरच्या आसपास चालतो. त्या वेगाने १० फुटी गाळा दोन-सव्वादोन सेकंदात मागे पडतो, नजर ठरत नाही. पण संध्याकाळच्या गर्दीत वेग मिनिटाला ५० मीटरवर येतो आणि एका गाळ्याला साडेतीन-पावणेचार सेकंद मिळतात. बांगड्या, कापड, भांडी, पूजेचं साहित्य एवढं एका नजरेत बघून पुढच्या दुकानावर सरकायला तेवढा वेळ पुरतो. गाळ्याची रुंदी आणि गर्दीचा वेग यांचा मेळ इथे पिढ्यान् पिढ्या घासून बसलेला आहे. चालून पाय दुखत नाहीत असं लोक म्हणतात, ते यामुळे.

आता बिघाड कुठे होतो ते बघा. चार गाळे एकत्र करून एक शोरूम झाली की त्या ४० फुटांत चार दारांऐवजी एकच काचेचं दार राहतं, तेही एसीमुळे सतत बंद. पूर्ण कड अशी झाली तर ३३ वरून आकडा ८ वर येतो. मालकाची विक्री वाढलेली असते, रस्त्याचा दर्जा मात्र दोन पायऱ्या घसरतो. त्याहून वाईट म्हणजे तळमजल्यावर खांब उभे करून केलेलं पार्किंग. नियमाने ते चोख असतं. गाडी आवारात लागावी म्हणूनच तो नियम आहे. पण बाजाराच्या रस्त्यावर त्या रुंदीत एकही दार उरत नाही, आणि रात्री तो अंधारा दातपडका भाग चालणारा समोरच्या बाजूने टाळतो. पेठेतल्या बाजार रस्त्यावर पार्किंग द्यायचंच असेल तर ते मागच्या अंगाला असावं आणि पुढे निदान १० ते १२ फूट खोलीचे गाळे असावेत. प्लॉट अरुंद असला की वास्तुकार म्हणतात जागा बसत नाही. अशा वेळी दोन-तीन शेजाऱ्यांची मागची वाट सामाईक करणं हाच उपाय उरतो, आणि तो शेजाऱ्यांमधल्या बोलण्याने सुटतो, नकाशाने नाही.

रुंदीकरणाच्या रेषेचा त्रासही इथेच मांडायला हवा. विकास आराखड्यात रस्ता रुंद दाखवला की जी इमारत नव्याने बांधली जाते ती मागे सरते आणि शेजारची जुनी पुढेच राहते. अखंड कड फाटते. मधे दीड-दोन मीटरचा खळगा तयार होतो, तो चालायला कधीच मिळत नाही. तिथे दुचाकी लागतात, फ्लेक्स उभा राहतो, जनरेटर येतो. सगळी ओळ मागे सरेपर्यंत एक पिढी जाते आणि तोवर रस्त्याला ना जुनी रुंदी, ना नवी.

दारांच्या बाबतीत महाद्वार रोडला भरघोस गुण. चालायच्या जागेच्या बाबतीत मात्र तितकेच कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी संहितेत पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर आहे आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मोकळी याचा अर्थ खांब, डीपी (विजेची पेटी), फलक, पायऱ्या वगळून उरलेली. जुन्या पेठेत पदपथ म्हणजे बहुतेक ठिकाणी गटारीवरची फरशी, आणि तिच्यावर दुकानाची पायरी आलेली. दुचाकी आडवी लावली की सुमारे २ मीटर खाते. ९ मीटरचा रस्ता धरला आणि दोन्ही कडांना दुचाकी लागल्या, तर मधे ५ मीटर उरतात. त्यात दोन रिक्षा समोरासमोर आल्या की चालणाऱ्याला गाड्यांच्या फटीतून जावं लागतं. इथे जागा फेरीवाल्यांनी खाल्ली असं म्हणायची सवय आहे. टेप लावून बघा. ओटीचं साहित्य घेऊन बसलेली बाई ३ फूट बाय ४ फूट जागा घेते आणि तिच्यासमोर तासाभरात कितीतरी माणसं थांबतात. एक उभी दुचाकी साधारण तेवढीच जागा घेते आणि एका माणसाच्या कामी येते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांसाठी समिती आणि जागा ठरवून देण्याची तरतूद केली आहे. दुचाकीसाठी तशी मोजदाद कुठे होत नाही.

पावसाळ्यात हा रस्ता साफ हरतो. जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस रेंगाळणारा, आणि इथे सलग छप्पर नाही. प्रत्येक दुकानाचा पत्रा वेगळ्या उंचीवर, त्यामुळे दोन पत्र्यांच्या मधली धार बरोबर चालणाऱ्याच्या मानेवर पडते. उघडलेल्या छत्रीला मीटरभर जागा लागते, म्हणजे ज्या ऋतूत जास्त रुंदी हवी त्याच ऋतूत ती निम्मी होते. सगळे पत्रे एका उंचीवर, ९ ते १० फुटांवर, आणि पाणी पन्हळीतून थेट गटारीत, एवढं बाजारपेठेने आपसात ठरवलं तरी फरक पडेल.

आता तिकटी. हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यात केवढं शहाणपण आहे याकडे लक्ष जात नाही. तिकटी म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा. पापाची तिकटी, मिरजकर तिकटी. आज तिथे येऊन मिळणारे रस्ते मोजले तर तीनच भरतील असं नाही, पण नावाने मूळ घडण जपली आहे. वाहतुकीच्या अभियांत्रिकीत चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांच्या मार्गांचे ३२ संघर्षबिंदू धरतात, तीन रस्त्यांच्या जोडात ९. म्हणजे तिकटी मुळातच चौकापेक्षा सुरक्षित. नगररचनेच्या बाजूने पाहिलं तर तिकटीवर नजर सरळ पार जात नाही, समोर कुठल्या तरी घराचं, देवळाचं, दुकानाचं तोंड येतं आणि नजर तिथे थांबते. व्हिएन्नाचे कॅमिलो झिटे यांनी १८८९ मध्येच हे मध्ययुगीन युरोपी चौकांबद्दल सांगून ठेवलं होतं, आणि १९६१ मध्ये इंग्लंडच्या गॉर्डन कलन यांनी रेखाटनांतून पुन्हा दाखवलं की दृश्य बंद झालं की जागा तयार होते. बिनखांबीकडून चालत येताना हे स्वतः तपासता येतं. दर ३० पावलांवर थांबून समोरच्या दृश्याचा शेवट कशावर होतोय ते एका शब्दात लिहायचं. शब्द बदलत राहिला तर रस्ता चालवतो. शंभर पावलं एकच शब्द राहिला, किंवा 'काही नाही' असं लिहावं लागलं, तर तिथे पाय जड होतात.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. वाकडा रस्ता म्हणजे चांगला आणि सरळ म्हणजे वाईट, असं या सगळ्या विचारातून काही जण काढतात. कोल्हापुरात त्याचं उत्तर दहा मिनिटांवर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरीची व्यापारपेठ सरळ गल्ल्यांची आहे. राजारामपुरीत तर गल्लीचा क्रमांक हाच पत्ता: पहिली, दुसरी, तिसरी. लिंच यांनी १९६० मध्ये बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना आपलं शहर आठवून काढायला लावलं आणि त्यातून वाट, कड, भाग, नाका आणि खूण ही पाच अंगं मांडली. राजारामपुरी डोक्यात राहते ती वाटेच्या क्रमाने, महाद्वार रोड राहतो खुणेने. 'बिनखांबीपासून पुढे, गुजरीच्या कॉर्नरला' हे जितकं पक्कं, तितकंच 'सातव्या गल्लीत, डाव्या हाताला'. दोन्ही वाचता येतात. दोन्हीकडे गल्ल्या आखूड आहेत, म्हणजे जेकब्स यांनी १९६१ मध्ये रस्ता जिवंत राहायला सांगितलेल्या चार अटींपैकी एक पुरी होते. कोपरा लवकर आला की माणसाला वाट बदलता येते आणि कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन्हीकडून गिऱ्हाईक मिळतं. याच्या शेजारी चंडीगडचा ८०० बाय १२०० मीटरचा सेक्टर ठेवला की फरक कळतो. तिथे रेष सरळ आहे हा दोष नाही, दार रस्त्यापासून लांब गेलं हा दोष आहे.

जेकब्स यांच्या उरलेल्या अटी अशा: एका भागात एकाहून जास्त मुख्य कामं, जुन्या-नव्या इमारतींची मिसळ, आणि पुरेशी दाट वस्ती. पहिली आणि शेवटची महाद्वार रोडवर सहज भरतात. जुन्या इमारतींची अट लोक सौंदर्याची समजतात, ती भाड्याची आहे. लाकडी खांबांच्या, जुन्या भाड्याच्या गाळ्यात काजळ-कुंकू विकून पोट भरतं. नव्या बांधकामाच्या भाड्यात ते बसत नाही. त्यामुळे सगळी ओळ एकदम नवी झाली की लहान धंदे आपोआप हटतात, त्यांना कुणी हटवावं लागत नाही.

या परीक्षणातली सर्वांत महत्त्वाची जागा मात्र महाद्वार आहे, आणि तिथे मोजायची गोष्ट रस्त्यावर नसून हवेत आहे. अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो, ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला आणि ९, १०, ११ नोव्हेंबरला. मावळतीची किरणं पश्चिमेच्या महाद्वारातून आत येऊन गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा परंपरेने क्रम सांगतात. दोन तारखा का, याचा हिशोब साधा आहे. १० नोव्हेंबर हा सूर्याच्या दक्षिणेकडच्या शेवटच्या टोकाच्या सुमारे ४२ दिवस आधी येतो, १ फेब्रुवारी साधारण तितकेच दिवस नंतर. दोन्ही वेळा सूर्य आकाशात जवळजवळ त्याच जागी मावळतो, कोल्हापूरहून पाहता नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला.

आता ही रेषा पश्चिमेकडे वाढवत न्या. ती शहरावरून जाते. सूर्य क्षितिजापासून १ अंश वर असेल तर १०० मीटर अंतरावर किरणाची रेषा मूर्तीच्या पातळीपासून १.७५ मीटर उंच असते. ४ अंशांवर, १५० मीटर अंतरावर, ती १०.५ मीटर वर जाते, म्हणजे तीन मजली इमारत तिला जेमतेम खालून शिवते. सूर्य २ अंशांवर उतरला की त्याच जागी रेषा ५.२ मीटरवर येते आणि तीच इमारत तिला निम्म्यात कापते. या ऋतूत इथे सूर्य दर साडेचार मिनिटांना साधारण १ अंश खाली जातो. किरण जितका आडवा होतो तितका तो मूर्तीवर वर चढतो. त्यामुळे अडथळ्याचा पहिला फटका मुखाला बसतो, चरणांना नाही. चरणांपर्यंत किरणं आली आणि पुढे विरली असं ऐकलं की पहिली शंका ढग-धुळीची घ्यावी, दुसरी लगेच पश्चिमेच्या उंच कठड्यांची, टाक्यांची, जाहिरात फलकांची आणि केबलच्या झुबक्यांची. या वाटेतल्या अडथळ्यांचा प्रश्न शहरात वर्षानुवर्षं गाजतो तो या मोजक्या मीटरांसाठी.

नेहमीच्या बांधकाम नियमांत हे कुठे बसतं? चटई क्षेत्र निर्देशांक (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते), सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि रस्त्याची रुंदी यांच्या गणितातून इमारतीची उंची निघते. ते गणित प्रत्येक प्लॉटला एकटं धरतं, समोर देऊळ आहे की गोदाम हे त्याला दिसत नाही. आल्डो रॉसी यांनी १९६६ मध्ये इटलीतून जे मांडलं ते इथे तंतोतंत लागू पडतं. शहरात काही वास्तू अशा असतात की त्यांचा उपयोग चालू राहतो आणि त्यांच्याभोवती बाकीचं शहर आकार घेत राहतं. अशा वास्तूला कुंपण घालून वारसा म्हणून जपणं पुरत नाही, तिच्यापासून निघणारी रेषा जपावी लागते. तांत्रिकदृष्ट्या काम अवघड नाही. मूर्तीच्या पातळीवर एक बिंदू पक्का करायचा, सहाही दिवसांच्या शेवटच्या काही मिनिटांतला सूर्य धरून हवेत एक तिरका पट्टा आखायचा, आणि त्या पट्ट्याखाली येणाऱ्या प्रत्येक मिळकतीला समुद्रसपाटीपासूनची कमाल उंची लिहून द्यायची. मजले मोजून उंची ठरवली की फसगत होते. एका इमारतीचा मजला ९ फुटांचा, दुसरीचा १२ फुटांचा, जमिनीचा उतार वेगळा. आणि पाण्याची टाकी, जिन्याची खोली, गच्चीवरचा पत्रा हे परवानगीच्या नकाशावरच्या उंचीत नीट धरलेलं नसतं, अडथळा बहुतेकदा तेच करतात.

बसायच्या जागेबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून विल्यम व्हाइट यांनी १९८० मध्ये जे निष्कर्ष दिले त्यातला मुख्य असा की लोक तिथे बसतात जिथे बसायला जागा असते, आणि १ ते ३ फूट उंचीची कुठलीही सपाट कड बसायला चालते. प्रत्येक ३० चौरस फूट मोकळ्या जागेला १ फूट बैठक, असं माप त्यांनी सुचवलं. ६० बाय ६० फुटांच्या चौकाला १२० फूट कट्टा. कट्टा हा शब्द आणि त्याची उंची कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला माणसं उभी राहतात, बसतात, बोलतात. पण महाद्वार रोडवर बसायला दुकानाची पायरी सोडून काही नाही. दर्शनाला आलेल्या कुटुंबातली आजी चपलांची पिशवी मांडीवर घेऊन बंद शटरच्या पायरीवर टेकते. शेजारी ओटीवाली नारळ, खण, तांदूळ मांडते, मागच्या घरातला मुलगा तिथूनच आत जातो. एका पायरीवर तीन वेगळी कामं. १९६५ मध्ये अलेक्झांडर यांनी शहर हे झाडासारखं फांद्याफांद्यांत वाटलेलं नसतं, त्यातले गट एकमेकांवर चढलेले असतात असं म्हटलं, ते नेमकं हे. दुकानदाराने रागाने पायरीवर टोकदार पट्टी ठोकली की तिन्ही कामं एकदम उठतात. हे करू नका, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं.

पट्टा संपल्यावर भवानी मंडपाकडे वळा, पण नकाशावर आधी एक काम करा. सिटी सर्व्हेच्या नकाशाची प्रत घ्या, १:५०० किंवा १:१००० वर. बांधकाम काळं भरा, मोकळी जागा पांढरी ठेवा. कॉलिन रो आणि फ्रेड कोटर यांनी १९७८ मध्ये इटलीतल्या पार्मा शहराचा जुना भाग आणि आधुनिक वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांचा फ्रान्समधल्या सां-दिए शहराचा आराखडा अशाच रीतीने शेजारी ठेवले होते. एक जवळजवळ काळा, त्यात पांढरे चौक कोरलेले. दुसरा जवळजवळ पांढरा, त्यात काळे ठिपके. कोल्हापूरची जुनी पेठ पहिल्या जातीची निघते. इथेच थांबलात तर नकाशा अर्धवट राहतो. १७४८ मध्ये रोमचा नकाशा काढताना जामबातिस्ता नोल्ली यांनी देवळांचे आतले भागही पांढरे ठेवले, कारण लोक त्यात मोकळेपणाने जात-येत होते. तसंच अंबाबाईच्या देवळाचं आवार, घाटी दरवाजाकडची वाट आणि भवानी मंडप पांढरे भरले की महाद्वार रोडला पूर्वेकडे एक श्वास मिळालेला दिसतो. नवरात्रात रांगांचे मांडव पडले की हीच पांढरी जागा भरते आणि सगळा भार पुन्हा रस्त्यावर येतो, म्हणून एकच नकाशा दोनदा करा, एरवीचा आणि नवरात्राचा. बोळांची तोंडं लाल शाईने खूण करा. त्यातून माणूस जातो, मोठा अग्निशमन बंब वळत नाही. ही या जुन्या घडणीची खरी उणीव आहे आणि तिच्यावर कौतुकाचं पांघरूण घालू नये. तिथे रुंदीकरणाऐवजी बोळाच्या तोंडाशी पाण्याचा स्वतंत्र जोड आणि लांब होज यांची सोय आधी तपासावी.

आणखी एक धोका, जो याच विचारातून आला. आधुनिकतावादाला कंटाळून पुढच्या पिढीने जुन्या आकारांकडे परतावं म्हटलं आणि बऱ्याच जणांनी फक्त आकार उचलले. शोरूमच्या काचेवर फायबरची कमान, वर घुमटी, आणि आत दार बंद. दारं मोजण्याची चाचणी अशा इमारतीला कमानीचे गुण देत नाही, हा तिचा फायदा आहे.

जायचंच असेल तर गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा आणि भवानी मंडपातून पायी या. मोजणीला मंगळवार, शुक्रवार आणि सणाचे दिवस सोडून साधा दिवस घ्या, मग गर्दीचा एक दिवस घ्या. दोन्ही तक्ते वेगळे ठेवा. सकाळी ११ ला केलेली मोजणी इथे निरुपयोगी आहे, शटरं अर्धी बंद असतात. विकास आराखड्यावर हरकती-सूचनांची मुदत जाहीर होते तेव्हा 'रस्ता चांगला ठेवा' असं लिहून दिलेला अर्ज फाइलमध्ये जातो. त्याऐवजी तक्ता जोडा: साखळी क्रमांक (सुरुवातीपासूनचं मीटरमधलं अंतर) ० ते १००, १०० ते २००, असे पट्टे, प्रत्येक पट्ट्याची डावी-उजवी दारं, मोकळी चालण्याची रुंदी, सर्वांत अरुंद जागी मोजलेली, सेंटीमीटरमध्ये, उभ्या दुचाकी, बोळाची तोंडं. खाली मोजणीची तारीख आणि वेळ, आणि टेप धरणाऱ्या दोघांच्या सह्या.